पाण्यावरील वेग आणि स्मरणाचे गद्य

१

इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरप्रदेशात अल्सवॉटर नावाचे एक लांबट, वळणदार सरोवर आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते वर्डस्वर्थच्या 'द प्रील्यूड' या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यातील एका प्रसंगामुळे परिचित असते. तिन्हीसांजेच्या सुमारास एक मुलगा काठाला बांधलेली परक्याची होडी सोडून घेतो आणि वल्हवीत सरोवरात जातो. होडी जसजशी काठापासून दूर सरकते, तसतसा आरंभी न दिसलेला एक काळा कडा टेकडीमागून वर येऊ लागतो. तो आपल्याच मागे लागला आहे अशा भयाने मुलगा होडी परत फिरवतो. या प्रसंगाचे स्थळ अल्सवॉटर हेच मानले जाते.

याच सरोवरावर २३ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड कॅम्बेल यांनी 'ब्लूबर्ड के-७' ही जेट इंजिनाची नौका ताशी २०२.३२ मैल या सरासरी वेगाने चालवली. पाण्यावर ताशी दोनशे मैलांच्या पुढचा अधिकृत विक्रम प्रथमच नोंदला गेला. त्याच वर्षी 'इंटु द वॉटर बॅरिअर' हे कॅम्बेल यांच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

एकाच पाण्यावरील या दोन नौका आणि त्यांची ही दोन स्मरणे शेजारी ठेवून पाहिली, की एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो. मुलाची होडी वल्ह्याच्या गतीने चालली होती. तरीही त्या अल्प प्रवासाने कवीच्या मनात जन्मभर पुरेल एवढे भय आणि विस्मय साठवून ठेवले. कॅम्बेल यांची नौका मोजलेला एक किलोमीटर सुमारे अकरा सेकंदांत ओलांडत होती. अकरा सेकंदांच्या अनुभवाचे आत्मकथन कशाचे बनलेले असते? भावनेचे निवांतपणी केलेले स्मरण, ही वर्डस्वर्थची काव्यविषयक कल्पना मराठी समीक्षेला दीर्घकाळ परिचित आहे. परंतु जिथे अनुभव घेणाऱ्याला तो घेत असताना पाहण्याचीही उसंत नसते, तिथे निवांतपणी आठवायचे ते काय, याचा विचार फारसा झालेला नाही. वेगनौकांच्या शर्यती आणि विक्रम यांच्या आठवणी सांगणारे इंग्रजी गद्य या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. क्रीडावाङ्मय म्हणून बाजूला सारल्या गेलेल्या या पुस्तकांत आत्मचरित्राच्या काही मूलभूत अडचणी अतिशय उघड्या स्वरूपात दिसतात.

२

या गद्याचा विचार करताना शर्यत आणि विक्रम यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. शर्यतीला प्रतिस्पर्धी असतो. त्यामुळे शर्यतीच्या प्रत्येक आठवणीला निदान दोन बाजू असतात, आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीने तपासली जाते. १९०३ साली सुरू झालेल्या हार्म्सवर्थ करंडकाच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. १९३१ साली डेट्रॉइट नदीवर अमेरिकेचे गार वुड आणि ब्रिटनचे के डॉन समोरासमोर आले. पहिली फेरी डॉन यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीत दोघांनीही इशाऱ्याआधीच आरंभरेषा ओलांडली, म्हणून दोघेही बाद ठरले. डॉन यांची 'मिस इंग्लंड २' पुढे वळणावर उलटली. मागून आलेले गार वुड यांचे बंधू जॉर्ज यांनी दुसरी अमेरिकन नौका शेवटपर्यंत नेली आणि करंडक अमेरिकेतच राहिला. ती चूक होती की डाव, याविषयी अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन निरनिराळ्या कथा रूढ झाल्या. शर्यतीचा निकाल लागला. आठवणींचा निकाल लागला नाही. अशा विवादातच शर्यतीच्या आठवणीला नाट्य लाभते.

विक्रमाचे तसे नसते. विक्रम करणारा एकटाच पाण्यावर उतरतो. नियमानुसार त्याला तासाभराच्या आत परस्परविरुद्ध दिशांनी दोन धावा घ्याव्या लागतात, आणि त्यांची सरासरी हा त्याचा निकाल असतो. समोर माणूस नसल्यामुळे निवेदकाला प्रतिस्पर्धी निर्माण करावा लागतो. 'इंटु द वॉटर बॅरिअर' या शीर्षकातच ही निर्मिती दिसते. २९ सप्टेंबर १९५२ रोजी लॉक नेस या स्कॉटिश सरोवरावर जॉन कॉब यांची 'क्रुसेडर' ही जेट नौका ताशी दोनशे मैलांच्या आसपास फुटली आणि कॉब मृत्यू पावले. त्यानंतर ध्वनीच्या भिंतीच्या धर्तीवर पाण्याचीही एक भिंत आहे, ही कल्पना बळावली. शास्त्राच्या दृष्टीने अशी भिंत नव्हती. लाटा, नौकेचा तोल आणि तिच्या बांधणीचे बळ यांच्या गुंतागुंतीच्या प्रश्नांना दिलेले ते एक नाव होते. कथनाला मात्र त्या भिंतीची गरज होती. ती उभारल्यावाचून अकरा सेकंदांची गोष्ट पुस्तकभर चालणे कठीण होते.

कॅम्बेल यांच्या बाबतीत दुसराही एक प्रतिस्पर्धी होता, आणि तो अधिक खरा होता. त्यांचे वडील सर माल्कम कॅम्बेल यांनी पाण्यावर चार वेळा विक्रम केला होता. त्यांतला शेवटचा ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम १९३९ साली कॉनिस्टन सरोवरावर नोंदला गेला. १९४८ साली ते वारले. मृत पित्याशी चाललेली ही शर्यत डोनाल्ड यांच्या साऱ्या आयुष्यावर पसरली आहे. भिंतीचे रूपक या नात्यापुढे फिके वाटते, आणि हा दोष केवळ शब्दयोजनेचा नाही. 'इंटु द वॉटर बॅरिअर'चे लेखन कॅम्बेल यांनी ॲलन मिचेल या पत्रकाराच्या साहाय्याने केले. अनुभव एकाचा आणि वाक्यरचनेला हात दुसऱ्याचा, अशा सहलेखनात वृत्तपत्राला सोयीचे रूपक सहज आत येते, आणि ज्याच्याविषयी बोलणे कठीण असते ते नाते सहज बाहेर राहते.

३

या आठवणींचे सांगणारे बहुधा 'हौशी' म्हणून ओळखले गेले. मराठी वाचकाला हा शब्द हौशी नाट्यस्पर्धांमुळे घरचा आहे. दिवसभर कचेरीत काम करून रात्री तालमीला येणारा, पदरमोड करून नेपथ्य उभारणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर येतो. दोन महायुद्धांमधल्या काळातील वेगनौकांच्या जगात हौशी या शब्दाचा अर्थ निराळा होता. तिथे हौशी म्हणजे ज्याला शर्यतीतून पोट भरावयाचे नाही असा माणूस. आणि तसा माणूस बहुधा मोठ्या संपत्तीचा धनी असे. हौसेला मोल नाही असे मराठीत म्हणतात. इथे मोल होते, आणि ते फार थोड्यांना परवडणारे होते.

म्हणूनच लिओ व्हिला यांचे 'द रेकॉर्ड ब्रेकर्स' हे १९६९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या वाङ्मयात वेगळे उठून दिसते. व्हिला हे यंत्रकारागीर. १९२२ पासून ते माल्कम कॅम्बेल यांच्या पदरी होते आणि पुढे डोनाल्ड यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत त्यांनी पुत्राचीही साथ केली. डोनाल्ड त्यांना काका या अर्थाच्या लाडक्या नावाने हाक मारीत. पिता आणि पुत्र दोघांच्याही यंत्रांना हात लावलेला हा माणूस पगारी होता, आणि त्याने सांगितलेल्या आठवणी टोनी ग्रे यांच्या सहकार्याने ग्रंथरूप झाल्या. सहलेखन इथेही आहे. परंतु निवेदकाची जागा बदलल्यामुळे दृष्टी बदलते. चालकाला धाव दिसत नाही, कारण तो धावेच्या आत असतो. कारागिराला ती काठावरून दिसते, आणि धावेआधीची व नंतरची कामेही दिसतात. वेगाच्या गोष्टीतील काळाचा बहुतांश भाग त्याच्याच वाट्याला येतो.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन ग्रंथांच्या वाङ्मयीन मोलात तुलना संभवत नाही; 'स्मृतिचित्रे' ही फार मोठी कृती आहे. साम्य आहे ते निवेदकाच्या स्थानाचे. झपाटलेल्या माणसाच्या शेजारी आयुष्य काढलेली व्यक्ती त्याच्याविषयी ज्या प्रेमाने आणि ज्या निर्भ्रम नजरेने बोलू शकते, तसे तो स्वतःविषयी बोलू शकत नाही. झपाटलेपणाची किंमत शेजारच्याला रोजच्या रोज मोजावी लागते, म्हणून ती त्याला तपशिलाने ठाऊक असते. स्मरणगद्यात साक्षीदाराचा अधिकार नायकाच्या अधिकाराहून कमी नसतो, हे तत्त्व व्हिला यांच्या साध्या पुस्तकातही प्रत्ययास येते.

४

रेनातो ऊर्फ सॉनी लेव्ही यांचे 'ढाऊज टु डेल्टाज' हे १९७१ साली निघालेले पुस्तक या परंपरेत तिसरी जागा दाखवते. ती जागा रचनाकाराची आहे. १९२६ साली कराचीत जन्मलेल्या लेव्ही यांच्या नौकारचनेचा आरंभ मुंबईत, वडिलांच्या नौकाबांधणीच्या कारखान्यात झाला. पुढे ते इटलीत आन्झिओ येथे गेले. सर मॅक्स एटकेन यांच्या पुढाकाराने १९६१ पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काउज ते टॉर्की ही खुल्या समुद्रावरील शर्यत भरू लागली होती. लेव्ही यांनी रचलेल्या 'आ स्पेरांझिएला'ने १९६३ साली आणि गार्डनर बंधूंनी चालवलेल्या 'सरफ्युरी'ने १९६७ साली ही शर्यत जिंकली. १९८६ साली अटलांटिक महासागर विक्रमी वेळात ओलांडणारी 'व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २' ही नौकाही त्यांच्याच रचनेची. २०१६ साली ते निधन पावले.

खुल्या समुद्रावरील शर्यत सरोवरावरील विक्रमाहून निराळी असते. सरोवरावर चालक आरशासारख्या पाण्याची वाट पाहतो. समुद्रावर लाट गृहीतच धरावी लागते. १९६० च्या मायामी ते नॅसाउ शर्यतीत रे हंट यांनी रचलेली, खोल इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा तळ असलेली 'मॉपी' जिंकली, तेव्हापासून लाटेवर आपटण्याऐवजी ती चिरीत जाणाऱ्या तळाचे महत्त्व सर्वांना पटले. लेव्ही यांचा 'डेल्टा' हा त्याच शोधाचा पुढचा टप्पा होय: नाळेकडे निमुळता, पिछाडीस रुंद, वरून पाहता त्रिकोणी दिसणारा आकार. रचनाकाराच्या आठवणीत वेग हा थरार म्हणून येत नाही; तो एका आकाराचे कारण आणि दुसऱ्या आकाराचे उत्तर म्हणून येतो. त्यामुळे त्याच्या आठवणींना कार्यकारणाचा कणा लाभतो, आणि आयुष्य ही विचारांची वाटचाल म्हणून मांडता येते.

मराठी वाचक मात्र या शीर्षकातील पहिल्या शब्दापाशी अडखळतो. 'ढाऊ' हे अरबी समुद्रातील शिडाच्या जहाजांना परकीयांनी दिलेले सरसकट नाव. कोकण किनाऱ्यावरच्या नावाड्याच्या तोंडी ते नसते. त्याच्यापाशी मचवा असतो, पडाव असतो, बतेला, गलबत, शिबाड असते. प्रत्येकाचा तळ निराळा, शीड निराळे आणि कामही निराळे. 'डेल्टा' हा शब्द एका विशिष्ट रचनेचे अचूक नाव आहे. 'ढाऊ' हा अनेक रचना पुसून टाकणारा शब्द आहे. 'इथून तिथपर्यंत' अशा घडणीच्या शीर्षकात पहिले पद सोडून दिलेल्या काठासारखे मागे पडते. या खेळाच्या इतिहासात रचनाकार, मालक आणि चालक यांची नावे नोंदली गेली. लाकूड वाकवणाऱ्या सुतारांची सहसा नोंदली गेली नाहीत. लेव्ही यांच्या पुस्तकाचे मोल यामुळे उणावत नाही. मुंबईच्या बंदराचा एक धागा जगाच्या वेगनौकांच्या इतिहासात कसा विणला गेला, हे त्यामुळेच कळते. परंतु त्या धाग्याचे दुसरे टोक मराठीत कोणी लिहून ठेवलेले नाही, ही उणीव त्या पुस्तकाची नसून मराठी स्मरणवाङ्मयाची आहे.

५

जिने स्वतःच्या आठवणींचे पुस्तक लिहिले नाही अशी एक व्यक्तीही येथे विचारात घ्यावी लागते. मॅरियन 'जो' कारस्टेअर्स या १९०० साली जन्मल्या. आईकडून त्यांना स्टँडर्ड ऑइलच्या उत्पन्नातून आलेली संपत्ती लाभली होती. १९२६ साली त्यांनी ड्यूक ऑफ यॉर्क करंडक जिंकला, हार्म्सवर्थ करंडकासाठी गार वुड यांच्याशी झुंज दिली, आणि १९३४ साली बहामाज बेटांतील व्हेल के हे आख्खे बेट विकत घेऊन त्या तिकडे राहिल्या. पुरुषी वेश, मोकळे स्त्रीप्रेम आणि वेगाची आवड यांमुळे वृत्तपत्रांना त्यांचे काही काळ कुतूहल होते; पुढे जग त्यांना विसरले. १९९३ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचा मृत्युलेख लिहिण्याचे काम केट समरस्केल यांच्याकडे आले. त्या लेखातून 'द क्वीन ऑफ व्हेल के' हे चरित्र घडले आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले.

मृत्युलेखातून जन्मलेले हे पुस्तक स्मरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चालकांच्या स्वकथनात शर्यत ही आयुष्याचा कळस म्हणून येते. चरित्रकाराला मात्र शर्यतीनंतरची साठ वर्षेही दिसतात. त्या मोठ्या पटावर करंडकाचे वर्ष लहान होते, आणि वेगाची ओढ ही स्वतःचे नाव, वेश आणि राहणी स्वतःच ठरवण्याच्या व्यापक ओढीचा एक भाग म्हणून उमगते. जे स्वतःविषयी लिहीत नाहीत त्यांची आठवण दुसऱ्याने लिहावी लागते. आणि कधीकधी ती अधिक न्यायाने लिहिली जाते.

६

या वाङ्मयाचा सर्वांत कठीण प्रसंग कॉनिस्टनचा आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात कॅम्बेल पुन्हा या सरोवरावर आले. ताशी तीनशे मैलांचा टप्पा त्यांना गाठावयाचा होता. वारा, पाऊस, यंत्रातील बिघाड यांत दोन महिने गेले. ४ जानेवारी १९६७ च्या सकाळी पाणी शांत झाले. पहिली धाव ताशी २९७ मैलांहून थोड्या अधिक वेगाने झाली. पहिल्या धावेच्या लाटा विरण्याची वाट न पाहता ते परत निघाले. परतीच्या धावेत नौकेची नाळ उचलली गेली, ती हवेत उलटून पाण्यावर आदळली आणि कॅम्बेल मृत्यू पावले.

या प्रसंगाभोवती दोन प्रकारचे कथन जमा झाले आहे. एक पत्त्यांचे. आदल्या रात्री पत्ते मांडीत असता त्यांना इस्पिकची राणी आणि पाठोपाठ इस्पिकचा एक्का आला आणि त्यांनी तो अपशकुन मानला, असे सोबतच्यांनी सांगितले. प्रसंग खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु दोन महिन्यांच्या मुक्कामात पत्ते अनेकदा मांडले गेले असतील. स्मरणाने जपला तो एकच डाव. दुसऱ्या दिवशी कॅम्बेल सुखरूप परतले असते, तर त्या एक्क्याची कोणी नोंदही घेतली नसती. शेवट ठाऊक झाल्यावर मागे वळून आरंभाला अर्थ देणे हा स्मरणाचा धर्मच आहे, आणि शकुन-अपशकुन हे त्याचे सर्वांत जुने साधन आहे.

दुसरे कथन याच्या नेमके उलट आहे. धाव चालू असताना कॅम्बेल ध्वनियंत्रणेवरून बोलत होते, आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित झाले. त्यात मागे वळून पाहणे नाही. पुढच्या क्षणी काय होणार हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही. नौकेचे हादरे, दिसेनासे होणारे समोरचे पाणी, तोल जात असल्याची जाणीव हे सारे घडत असतानाच उच्चारले जाते. वर्डस्वर्थच्या कल्पनेतील निवांतपणाचा येथे लवलेश नाही. म्हणून रूढ अर्थाने हे वाङ्मय नव्हे. तरीही वेगाविषयीच्या साऱ्या ग्रंथांत जे आढळत नाही, ते या तुटक शब्दांत आहे. वेगाचा अनुभव वेगाच्याच गतीने येथे शब्दांत उतरला आहे, आणि त्यासाठी त्याला वाक्यरचना सोडून द्यावी लागली आहे.

याही संहितेला पाठभेद आहेत, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये. यंत्राच्या आवाजात काही शब्द बुडाले आहेत आणि निरनिराळ्या ठिकाणी ते निरनिराळे छापले गेले आहेत. प्राचीन पोथ्यांच्या पाठभेदांशी झुंजलेल्या मराठी संशोधनपरंपरेला यात नवल वाटू नये. शेवटचे शब्द म्हणून जे उद्धृत होते, ते ऐकणाऱ्याच्या मनातील शेवटाशी जुळवून घेतलेले असण्याचा संभव असतो. यंत्राने टिपलेला आवाजही ऐकणाऱ्याच्या स्मरणातून गाळूनच वाचकापर्यंत पोचतो.

७

या सर्व लेखनातून निघणारा निष्कर्ष विरोधाभासाचा वाटेल, पण तो टाळता येत नाही. वेगाच्या आठवणी वेगाचे वर्णन करू लागल्या की दुबळ्या होतात. विशेषणे वाढतात, रूपके उसनी येतात, आकडे अनुभवाची जागा घेतात. त्या सशक्त होतात त्या संथ गोष्टींपाशी: वारा पडण्याची वाट पाहणे, इंजिन उतरवून पुन्हा चढवणे, लाकूड वाकवणे, वडिलांचा आकडा मनात मोजणे. सिडनीतील आपल्या घराच्या परसात स्वतःच्या हातांनी नौका बांधून, सैन्याने टाकून दिलेले जेट इंजिन तिला बसवून, ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी ३१७ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम करणारे केन वॉर्बी हे मराठी अर्थाने खरे हौशी. २०२३ साली ते वारले तोवर तो विक्रम कोणी मोडला नव्हता. त्यांच्या कथेत ऐकणाऱ्याला धरून ठेवते ते परस. तिथे गेलेली वर्षे सांगता येतात. पाण्यावरचे सेकंद फक्त मोजता येतात.

२००१ साली 'ब्लूबर्ड' आणि तिच्या चालकाचे अवशेष कॉनिस्टनच्या तळातून वर आणण्यात आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कॅम्बेल यांचे कॉनिस्टन गावी दफन झाले. दुरुस्त झालेली नौका २०२४ साली त्याच गावातील रस्किन संग्रहालयात आली. जॉन रस्किन यांनी याच सरोवराच्या काठी आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि सरोवरप्रदेशात येऊ घातलेल्या आगगाडीला विरोध केला. वेगाला नकार देणाऱ्या लेखकाच्या नावाच्या वास्तूत वेगाची नौका स्थिर उभी आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसाला तिचा तळ, तिचे जोड, तिच्यावरील हातांचे काम निवांत पाहता येते. अल्सवॉटरवरच्या त्या मुलाला कडा वर येताना दिसला, कारण होडी दृष्टीला सोबत घेऊन चालली होती. वेगनौकेच्या चालकाला तो कडा दिसला नाही. तो पाहण्याचे काम कारागीर, रचनाकार, चरित्रकार आणि वाचक यांच्यावर सोपवले गेले आहे. या पुस्तकांचे वाङ्मयीन मोल ठरवताना ते काम कोणी किती प्रामाणिकपणे केले, हीच कसोटी लावली पाहिजे.